हा अहवाल कोणी मागितला?

हुबळी-धारवाडचे पाणी मुख्यतः मलप्रभेचे. सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणातून ते जलवाहिन्यांनी इथवर येते आणि हुबळीतल्या उणकलमधल्या नळांना पोचते. या पाण्याविषयी गेल्या दोन-अडीच दशकांत इतके लिहिले गेले आहे की एक लोखंडी कपाट सहज भरेल. सविस्तर प्रकल्प अहवाल (डीपीआर), जागतिक बँकेचे मूल्यमापन, सल्लागार कंपन्यांचे नकाशे, लवादापुढची शपथपत्रे, पीएचडीचे प्रबंध, महापालिकेचे ठराव, संस्थांच्या पुस्तिका असे सगळे त्यात येईल. मात्र हुबळीतल्या कोणत्याही पुस्तकांच्या दुकानात यातला एकही कागद विकत मिळणार नाही. त्याला प्रकाशक नाही, किंमत नाही, आयएसबीएन नाही. अनेकदा लेखकाचे नावसुद्धा नाही.

ग्रंथालयशास्त्रात या सगळ्याला ‘ग्रे लिटरेचर’ म्हणतात. पुस्तकांच्या बाजारातून जे वाचकापर्यंत येत नाही आणि ज्याचा मूळ धनी प्रकाशनाचा व्यवसाय करत नाही, ते या सदरात मोडते. १९९७ साली लक्झेंबर्गच्या परिषदेत याची जी व्याख्या ठरली, तिचा गाभा हाच आहे. सरकार, विद्यापीठे, उद्योग आणि संस्था आपापल्या कामासाठी जे लिहितात ते हे साहित्य. आपल्या जगण्यावर सर्वांत मोठा परिणाम करणारे निर्णय याच कागदांवरून होतात, म्हणून ते शोधायला आणि वाचायला शिकणे ही काही केवळ संशोधकांची हौस नव्हे. सीमाभागातल्या आणि हुबळी-धारवाडातल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी, पत्रकारांसाठी आणि आपल्या वस्तीचा प्रश्न घेऊन कचेरीत जाणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी ही मार्गदर्शिका तयार झाली आहे. तिला चार पानांची प्रस्तावना लिहायची होती. विषयच असा आहे की ती लांबली.

पुढची सगळी प्रकरणे एका प्रश्नाभोवती फिरतात: हा अहवाल कोणी मागितला? अहवाल हौसेने कोणी लिहीत नाही. कोणीतरी तो मागते, कोणीतरी त्याचे पैसे भरते, कोणत्यातरी निर्णयासाठी त्याची गरज असते. मागणारा कोण हे कळले की प्रत कुठे असेल ते कळते, आणि तो कसा वाचायचा हेही कळते.

उणकलपासूनच सुरुवात करू. चंद्रमौळेश्वराच्या चालुक्यकालीन देवळामुळे आणि तलावामुळे हे गाव लोकांना माहीत आहे. हा तलाव एके काळी हुबळीच्या पाण्याचा आधार होता. त्याचा किंवा गावच्या जमिनींचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास पाहायचा असेल तर विद्यार्थी आधी बंगळूरकडे वळतो, आणि तिथेच चुकतो. १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात आणि नंतर मुंबई राज्यात होता. त्या काळी अहवाल मागणारे सरकार मुंबईला बसत होते, म्हणून कागदही मुंबईला आहेत. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेखागार हे १८२१ साली सुरू झालेले दफ्तर आहे. महसूल आणि सार्वजनिक बांधकाम खात्यांचे कागद तिथे वर्षवार खंडांत लावलेले आहेत. धारवाडचा कलेक्टर तलावाच्या बांधाविषयी पत्र लिहायचा, त्यावर मुंबईच्या सचिवाचा शेरा पडायचा आणि पत्र-शेरा दोन्ही एकाच बासनात बांधले जायचे. ज्याला हा पत्ता माहीत नाही, त्याला या काळाचे उणकल सापडत नाही.

मुंबई सरकार यांतले निवडक अहवाल ‘सिलेक्शन्स फ्रॉम द रेकॉर्ड्स ऑफ द बॉम्बे गव्हर्न्मेंट’ या मालेत छापत असे. हे छापील आहे, पण मुख्यतः खात्यांतल्या वापरासाठी होते. माझ्या मते आपल्या भागाच्या शेतीविषयी इतके बारीक लेखन दुसरीकडे नाही. १८३०-४० च्या दशकांत गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जमीनमोजणी आणि आकारणीची पद्धत बसवली. इंदापुरापासून सुरू झालेले हे काम विंगेट यांच्या देखरेखीखाली दक्षिण मराठा प्रांतात, म्हणजे धारवाड-बेळगावकडे आले. १८४७ च्या संयुक्त अहवालाने पद्धतीचे नियम पक्के केले. त्यात मातीचे नऊ वर्ग आहेत. पावणेदोन हात खोल, एकजिनसी, ओल धरणारी काळी माती सोळा आण्यांची. खोली कमी होईल तसा वर्ग उतरतो. मातीत चुनखडीचे खडे, वाळू, उतार, पाणी साचणे असा दोष निघाला की आणखी एक पायरी खाली.

हे अहवाल हातात घेतले की बहुतेक जण पहिली दहा पाने वाचून थांबतात. पहिल्या दहा पानांत साहेबाचे मत असते. खरी संपत्ती शेवटच्या तक्त्यांत आहे. गावागणिक ओळ असते, आणि त्या ओळीत लोकसंख्या, बैल, नांगर, विहिरी, बाजाराचे अंतर, जुना आकार, नवा आकार. तीस वर्षांनी फेरआकारणी झाली की तीच गावे, तेच रकाने, नवे आकडे. दोन तक्ते शेजारी ठेवून एक गाव आडवे वाचले की त्या गावची तीस वर्षे समोर येतात. फक्त हे तक्ते शेतसारा ठरवण्यासाठी केले आहेत हे विसरू नये. ज्याच्याकडे जमीन नाही तो माणूस त्यांत जवळजवळ नाही. वेठ नाही, बायकांचे श्रम नाहीत. मागणाऱ्याला त्यांचे प्रयोजन नव्हते.

या मालेतले कितीतरी खंड पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने स्कॅन करून सर्वांसाठी खुले केले आहेत. मराठी अभ्यासकांवर या ग्रंथालयाचे मोठे ऋण आहे. खेड्यातल्या मुलालाही मोबाइलवर आज विंगेटचा अहवाल उघडता येतो. १८८४ चे धारवाड जिल्ह्याचे गॅझेटियर बहुतेकांना माहीत असते, पण ते अशाच अहवालांवरून रचले गेले. गॅझेटियरवर थांबणे म्हणजे सारांशावर थांबणे.

आता अलीकडचे उदाहरण. हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा या शहरांच्या काही भागांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग जागतिक बँकेच्या कर्जातून झाला. २००४ साली कर्ज मंजूर झाले, २००८ मध्ये निवडक भागांत नळ अखंड वाहू लागले, २०११ मध्ये प्रकल्प संपला. मग २०१६ साली सगळ्या शहरासाठी मोठा टप्पा मंजूर झाला. बँकेच्या प्रत्येक प्रकल्पाला एक क्रमांक असतो. संकेतस्थळावर तो टाकला की कागदांची रांगच उघडते. त्यात मंजुरीपूर्वीचे मूल्यमापन, पर्यावरण आणि पुनर्वसनाचा आराखडा, दर काही महिन्यांची प्रगती-टिपणे आणि शेवटी समाप्ती अहवाल असतो. विद्यार्थ्याने ही रांग उलट्या क्रमाने वाचावी असे मी सांगतो. आधी समाप्ती अहवाल, मग मंजुरीच्या वेळची आश्वासने. कोणते उद्दिष्ट मधल्या वाटेत गळाले, कोणते नव्याने शिरले, हे अशाने चटकन दिसते.

याच नळांवर कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या संशोधकांनी वेगळे प्रश्न विचारले. इशा रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुबळी-धारवाडात, लहान मुले असलेल्या जवळपास चार हजार घरांचा अभ्यास केला. २०१५ मध्ये त्याचा मुख्य निष्कर्ष आला. अखंड पाण्याच्या आणि ठरावीक दिवशी येणाऱ्या पाण्याच्या भागांत मुलांच्या एकूण जुलाबांत लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र गरीब घरांत रक्ताचे जुलाब कमी होते, आणि टायफॉइडही कमी आढळला. आणखी एका अभ्यासात दिसले की चोवीस तास पाणी असूनही घरांतली साठवण थांबलेली नव्हती. ज्यांनी वर्षानुवर्षे पाणी येण्याची वाट पाहिली, त्यांच्या घरातली टाकी एका योजनेने रिकामी होत नाही. बँकेला हवे होते ते पाण्याचे तास, दाब, गळती आणि वसुली. संशोधकांना हवे होते मुलाचे पोट. दोन्ही कागद खरे आहेत, पण एकच वाचून लिहिलेला लेख अर्धा राहतो. संशोधन-पत्रिकेतला लेख दहा-पंधरा पानांचा असतो. त्यामागच्या प्रबंधांत प्रश्नावली, नमुना-निवड, न बसलेले आकडे असे बरेच असते, म्हणून प्रबंध पाहावाच.

आता या नळांमागच्या नदीकडे. मलप्रभा उगम पावते ती कणकुंबीला, खानापूर तालुक्यात. कणकुंबी मराठी बोलणारे गाव. त्याच डोंगररांगेत कळसा आणि भांडुरा हे म्हादई नदीचे नाले आहेत. त्यांचे पाणी मलप्रभेत वळवून हुबळी-धारवाडसह या टापूला प्यायला द्यायचे, ही कर्नाटकाची योजना. गोव्याच्या दृष्टीने म्हादई म्हणजे जीवनरेषा. २०१० च्या नोव्हेंबरात लवाद नेमला गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा आला. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातले ३.९ टीएमसी मलप्रभेत वळवायला: कळशातून १.७२, भांडुऱ्यातून २.१८. हे आकडे वर्तमानपत्रांत आले. पण ते कसे निघाले हे निवाड्याच्या खंडांत, जलशास्त्रीय तक्त्यांत आणि तज्ज्ञ साक्षीदारांच्या उलटतपासणीत आहे. नदीत पाणी किती याच मुळावर राज्यांचे एकमत नव्हते. निवाड्याने ७५ टक्के विश्वासार्हतेला (म्हणजे चारांपैकी तीन वर्षे तरी मिळेल इतके) ते १८८.०६ टीएमसी धरले, गोव्याचे म्हणणे त्याहून पुष्कळ कमी होते. या विषयावर बोलणाऱ्याने ती उलटतपासणी वाचावी, मग व्यासपीठावर चढावे.

२०२२ च्या डिसेंबरअखेर केंद्रीय जल आयोगाने या योजनेच्या सुधारित प्रकल्प अहवालाला मान्यता दिली आणि गोव्यात खळबळ उडाली. विधानसभा, मोर्चे, सर्वोच्च न्यायालय, सगळे ढवळून निघाले, आणि ते एका डीपीआरमुळे. तो किती जणांनी वाचला होता? कणकुंबीच्या माणसाला, गोव्यातल्या साखळीच्या माणसाला, उणकलच्या माणसाला तो आपापल्या भाषेत वाचता आला असता तर भांडण मिटले असतेच असे नाही, पण ते आकड्यांवर झाले असते. हे मी मनापासून मानतो.

डीपीआर वाचायची एक रीत या पुस्तिकेच्या चौथ्या प्रकरणात आहे. इथे थोडक्यात सांगतो. अहवाल स्पायरल बाइंडिंगचा असतो, मुखपृष्ठावर धरणाचा किंवा तलावाचा फोटो. तो सोडून आतले पहिले पान पाहावे. ‘मसुदा’ की ‘अंतिम’, कितवी आवृत्ती, महिना कोणता, सल्लागार कोण. मग कार्यकक्षा, म्हणजे सल्लागाराला नेमके काय विचारले होते. जे विचारलेच नाही त्याचे उत्तर अहवालात शोधू नये, आणि ते का विचारले नाही हा प्रश्न सोडू नये. त्यानंतर लोकसंख्येचा अंदाज. तीस वर्षांनंतरचे शहर किती मोठे धरले आणि माणशी किती पाणी धरले यावर योजनेचा आकार ठरतो. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी केंद्राचे मानक माणशी दिवसाला १३५ लिटर आहे. हा आकडा आजच्या प्रत्यक्ष पुरवठ्याशी ताडून पाहावा. शेवटी परिशिष्टे. सभेची इतिवृत्ते, ग्रामपंचायतीचे ना-हरकत दाखले, जमिनीच्या याद्या तिथेच असतात, आणि संकेतस्थळावर चढवताना गाळली जातात तीही परिशिष्टेच.

कागद दडवला जातो तेव्हा काय करायचे? पश्चिम घाटाविषयीच्या माधव गाडगीळ समितीचे उदाहरण प्रत्येकाने लक्षात ठेवावे. समितीने ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाला दिला. मंत्रालयाने तो जाहीर केला नाही. केरळातल्या एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात मागितला, नकार मिळाला. तो केंद्रीय माहिती आयोगात गेला. एप्रिल २०१२ मध्ये माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी अहवाल उघड करण्याचा आदेश दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि तिथे हरले. मे महिन्यात अहवाल लोकांसमोर आला. दहा रुपयांच्या अर्जात एवढे बळ आहे. या कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे पुष्कळ माहिती न मागता जाहीर व्हायला हवी. ती नसेल तर अर्ज करावा, पण ‘पाणी योजनेची सर्व माहिती द्या’ असा नव्हे. अहवालाचे नाव, वर्ष, खाते आणि जमल्यास पत्राचा जावक क्रमांक लिहावा. नेमक्या अर्जाला टोलवणे कठीण जाते. अहवालाचे नाव कुठून कळणार? दुसऱ्या अहवालातून. प्रत्येक अहवालाच्या प्रास्ताविकात आधीच्या समित्यांची यादी असते. तिचा माग काढत मागे मागे जायचे.

महाराष्ट्रात तर एका समितीच्या अहवालाने चार दशकांचे राजकारण घडवले. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी १९८३ साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. १९८४ मध्ये तिने अनुशेष काढला, ३,१८६ कोटी रुपयांचा. विदर्भ-मराठवाड्याच्या प्रत्येक भाषणात अनुशेष येतो. तो मोजताना कोणती सरासरी धरली, कोणती क्षेत्रे घेतली, हे मूळ अहवालात वाचलेला वक्ता मात्र विरळा.

प्रबंधांसाठी शोधगंगा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर पीएचडीचे प्रबंध तिथे जमा होऊ लागले आणि गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र ते सांभाळते. धारवाडच्या कृषी विद्यापीठातले प्रबंध कृषिकोश या ऑनलाइन संग्रहात शोधावेत. एमएस्सीचे प्रबंधही तिथे असतात, आणि एखाद्या गावच्या ज्वारीचे किंवा दूध सोसायटीचे सर्वेक्षण बहुधा एमएस्सीच्या मुलानेच केलेले असते. धारवाडमध्येच सीएमडीआर ही १९७७ पासूनची संशोधन संस्था आहे, तिच्या शोधपुस्तिका चाळाव्यात. जमीन-पाणी व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देणारी वाल्मी संस्था आहे. १९८४ साली स्थापन झालेल्या समाज परिवर्तन समुदायाने हरिहरच्या कारखान्याचे प्रदूषण आणि गावच्या जमिनींवरची निलगिरी लागवड यांविरुद्धच्या लढ्यांत काढलेल्या पुस्तिका आहेत. चळवळीच्या पुस्तिकाही कोणीतरी, काहीतरी पटवण्यासाठी लिहिलेल्या असतात. सरकारी अहवालाला लावतो तीच कसोटी त्यांनाही लावावी.

शोधताना नावांचा घोळ सर्वांत जास्त छळतो. जुन्या इंग्रजी कागदांत धारवाडच्या शेवटी ‘आर’ आहे. हुबळीचे सरकारी स्पेलिंग १ नोव्हेंबर २०१४ पासून हुब्बळ्ळी झाले, बेळगावचे बेळगावी. म्हादई कर्नाटकात महादायी, गोव्यात खाली उतरल्यावर मांडवी. भांडुरा, बंडुरा, बंडुरी ही सगळी एकाच नाल्याची रूपे. उणकलही कधी उनकल म्हणून येते. सगळी रूपे एका कागदावर लिहून मगच संगणकापुढे बसावे. कन्नड येत नसेल तर येणाऱ्या मित्राला शेजारी बसवावे. महापालिकेचे ठराव कन्नडात आहेत, आणि इथे राहून ते न वाचणे मराठी माणसाला परवडणारे नाही.

जालावर आहे म्हणजे टिकले, असे समजू नये. युरोपातल्या अशा साहित्याची सूची करणारी सिग्ल ही व्यवस्था १९८० ते २००५ चालली. तिच्या जागी ओपनग्रे आले, तेही २०२० मध्ये बंद पडले आणि त्याचा साठा नेदरलँड्समधल्या एका संग्रहात ठेवावा लागला. युरोपात ही गत, तर एखाद्या योजनेची मुदत संपल्यावर आपल्याकडची संकेतस्थळे रातोरात नाहीशी होतात यात आश्चर्य नाही. दिसलेला अहवाल त्याच वेळी उतरवून घ्यावा आणि त्याच्या पानाची नोंद इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर करून ठेवावी. कचेऱ्यांतही कागदाला आयुष्य नेमून दिलेले असते. महाराष्ट्रात ‘अ’ वर्गाचे अभिलेख कायमचे आणि ‘ड’ वर्गाचे वर्षभराचे. कोणता कागद कोणत्या वर्गात गेला यावर पुढच्या पिढीचा इतिहास ठरतो.

माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा भाग आपल्या घरांतला आहे. उणकलला गायिका गंगूबाई हनगल यांच्या नावाचे गुरुकुल आहे, गायक सवाई गंधर्वांचे कुंदगोळ इथून जवळ. १९५२ साली ते गेल्यावर पुढच्याच वर्षी भीमसेन जोशींनी पुण्यात त्यांच्या नावाचा महोत्सव सुरू केला. हुबळी-धारवाड, बेळगाव, मिरज, पुणे असा गवयांचा जो राबता होता, त्याची नोंद ग्रंथांत थोडी आणि स्मरणिकांत पुष्कळ आहे. कोणी कोणत्या सालात कुठे गायले, साथीला कोण होते, वर्गणी किती जमली, जाहिरात कोणत्या पेढीने दिली, हे स्मरणिकेखेरीज कुठे मिळणार? तीच गोष्ट मराठी मंडळांच्या वार्षिक अहवालांची, पतसंस्थांच्या ताळेबंदांची, शाळांच्या हस्तलिखितांची, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकांची. हे मागणारे आपणच होतो, म्हणून त्याची प्रत आपल्याशिवाय कोणाकडे नाही. कोणतेही सरकारी दफ्तर ती सांभाळणार नाही. वाडा पाडताना, भावांच्या वाटण्या होताना, म्हातारा माणूस गेल्यावर खोली आवरताना हे सगळे किलोच्या भावाने जाते.

म्हणून वाचकांना विनंती. आपल्या घरी, मंडळाच्या कपाटात किंवा वडिलांच्या ट्रंकेत असे काही असेल तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी एकदा उघडून पाहावे. पहिल्या पानाच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहावे: हे कोणाकडून आले, कोणत्या साली, कोणी आणि कशासाठी काढले होते. मग मूळ प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पावती घेऊन द्यावी. द्यायची नसेल तर निदान मोबाइलवर सर्व पाने, मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ धरून, स्कॅन करावीत आणि एक प्रत दुसऱ्या गावच्या कोणाकडे तरी ठेवावी.